पन्नास मिनिटांचं इंजिन

वरवट बकालला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एका मिस्त्रीचं दुकान होतं. गोष्ट नव्वदच्या दशकातली. संग्रामपूर तालुक्यात शेतीची वीज तेव्हा रात्रीची यायची आणि तीही भरवशाची नसायची. म्हणून ज्याच्या विहिरीला पाणी, त्याच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन. दक्षिणेला पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी ना पिण्याच्या कामाचं ना पिकाच्या. पण उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी, सोनाळा-टुनकीच्या बाजूला, गोडं पाणी आणि ओलिताची वावरं. गहू-हरभरा ओलायच्या दिवसांत मिस्त्रीच्या दुकानापुढे बैलगाडीतून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून इंजिनं उतरत राहायची.

मिस्त्रीच्या हाताखाली त्याचा भाचा होता, एकोणीस-वीस वर्षांचा. हात चांगला, कान त्याहून चांगला. हँडल मारल्यावर पहिल्या चार ठोक्यांतच त्याला कळायचं, नोझल खराब आहे की रिंगा गेल्यात. एका हंगामात त्यानं स्वतःच्या पैशानं एक जुनं इंजिन विकत घेतलं. पाच हॉर्सपॉवरचं, पाण्यावर नव्हे तर हवेवर थंड होणारं. अशा इंजिनाच्या सिलिंडरवर बाहेरून पातळ पात्यांच्या रांगा ओतलेल्या असतात. त्यांना फिना म्हणतात. आत पेटलेल्या डिझेलची उष्णता या फिनांतून बाहेर येते आणि पंख्याची हवा ती घेऊन जाते. या इंजिनाच्या एका अंगाच्या फिना तुटलेल्या होत्या. कधीतरी कुठून तरी पडलं असावं. बाकी सगळं त्यानं नीट केलं, नोझल बदलली, व्हॉल्व्ह घासून बसवले, वर हिरवा रंग मारला आणि पंख्याचा पत्रा असा बसवला की तुटकी बाजू झाकली गेली.

सोनाळ्याकडचे एक काका इंजिन भाड्यानं न्यायला आले. त्यांचं स्वतःचं इंजिन दुरुस्तीला काढलेलं होतं आणि गव्हाला पाणी द्यायचं राहिलं होतं.

"रातभर चालते ना बाबू?" काकांनी विचारलं.

"चालते ना काका. काही काळजी नका करू."

तिसऱ्या दिवशी सकाळी काका ट्रॉली घेऊन परत आले. इंजिन रात्री एकच्या सुमारास जाम झालं होतं. अर्धा गहू ओला, अर्धा कोरडा, आणि विहिरीवर थंडीत एकटा माणूस बंद इंजिनाशी झटत बसलेला. काकांनी इंजिन उतरवून दिलं, दिलेलं भाडं परत मागितलं नाही, आवाजही चढवला नाही. जाताना एवढंच विचारलं, "पोरा, तुले माईत होतं का?"

पोरगा पाना हातात घेऊन उभा राहिला. काका उत्तरासाठी थांबले नाहीत.

मामानं दुपारी इंजिन उघडलं. हेड काढलं, लायनरमधून पिस्टन ठोकून बाहेर काढला. पिस्टनच्या एका बाजूला उभे ओरखडे पडले होते आणि त्याचं ॲल्युमिनियम वितळून लायनरच्या भिंतीला पुसल्यासारखं चिकटलं होतं. दुसरी बाजू आरशासारखी स्वच्छ. मामानं ओरखड्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. काही ओरखडे ताजे, चमकदार होते. काही जुने, काळे पडलेले.

"हे एका रातीचं काम नाई," मामा म्हणाला. "हे आधी बी दोन-तीनदा धरलं होतं. दुकानात चालवून पायताना धरलं असंन. दोन तासांवर तापते हे तुले माईत होतं."

"होतं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तर नेलं असतं का त्याईनं?"

प्रश्न खोटा नव्हता. जुनं इंजिन, एका अंगाला अधू, आणि गिऱ्हाइकासमोर उभं राहून सांगायचं की हे अधू आहे. मग ते भाड्यानं जाणार कसं? सगळा बाजार तर याच हिशेबावर चालतो असं वीस वर्षांच्या पोराला वाटलं, तर त्यात नवल नाही. मामानं पिस्टन रॉकेलच्या डब्यात टाकला, हात पुसले आणि चहा सांगितला.

मामा तरुणपणी नागपुरात सोनेगाव विमानतळावर हेल्पर होता. १९४९च्या जानेवारीत देशात रात्रीची विमान-टपाल सेवा सुरू झाली आणि तिचं केंद्र नागपूर ठरलं, कारण मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही ठिकाणांहून ते मध्यावर. चार दिशांनी चार विमानं मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेच्या आत विमानं पुन्हा आपापल्या गावी. मामा तिथं लागला तेव्हा पन्नासचं दशक संपत आलं होतं आणि त्याच्या हातून गेली ती डाकोटा विमानं. प्रत्येक डाकोटाला दोन इंजिनं, प्रत्येक इंजिन चौदा सिलिंडरचं. सात-सात सिलिंडरच्या दोन रांगा, मधल्या क्रँकभोवती गोल मांडलेल्या, सगळ्या बाजूंनी फिनाच फिना. पाण्याचा एक थेंबही नाही. बाराशे हॉर्सपॉवरचं ते धूड फक्त वाऱ्यावर थंड व्हायचं.

चहा येईपर्यंत मामानं त्याचं पहिलं काम सांगितलं. इंजिन बराच वेळ उभं राहिलं की तेल झिरपत खालच्या सिलिंडरमध्ये साठतं. तसंच चालू केलं तर पिस्टन हेडकडं सरताना ते तेल दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून चालू करण्याआधी पंखा हातानं फिरवायचा, पात्यामागून पातं, आणि कुठं अडकतंय का ते हाताला जाणवून घ्यायचं. अडकलं तर जोर करायचा नाही. साहेबांना सांगायचं. "जोर केला अन् गप राह्यलं," मामा म्हणाला, "तर त्या इंजनाचा दोष वरती आभायात निघते."

दुसरी गोष्ट त्यानं सांगितली ती कॉकपिटमधल्या एका काट्याची. सिलिंडरचं डोकं किती तापलंय हे दाखवणारा काटा वैमानिकाच्या नजरेसमोर असतो. काटा चढायला लागला की वैमानिक इंजिनाच्या आवरणाच्या झडपा उघडतो, चढण कमी करतो, इंजिनाला दम घेऊ देतो. "इंजन तापते यात लाज नाई. तापलेलं दिसू नाई देलं त लाज."

"पण ते विमान होतं मामा. हे पाच हॉर्सपॉवरचं."

तेव्हा मामानं अंझानीची गोष्ट काढली. सोनेगावला एका इंजिनिअर साहेबांकडून त्यानं ती ऐकली होती आणि पुढं एका जुन्या पुस्तकातली चित्रंही पाहिली होती. मामानं ती त्याच्या पद्धतीनं सांगितली. तपशील मी नीट लावून सांगतो, कारण गोष्ट खरी आहे आणि तिच्यातला एकेक आकडा महत्त्वाचा आहे.

अलेस्सांद्रो अंझानी हा मिलानचा, जन्म १८७७चा. सायकलींच्या आणि मोटारसायकलींच्या शर्यतींत उतरणारा माणूस. फ्रान्समध्ये येऊन इंजिनं बनवू लागला. त्याचं विमानाचं इंजिन म्हणजे मोटारसायकलीच्या इंजिनाचा थोरला भाऊच. तीन सिलिंडर: मधला सरळ उभा, दोन बाजूंना तिरके, त्रिशुळासारखे. पुढं १९१०च्या सुमारास त्यानं हेच तीन सिलिंडर वर्तुळात समान अंतरावर बसवले, मग तीन-तीनच्या दोन रांगा जोडून सहा सिलिंडरचं केलं; मामानं ज्या डाकोटाच्या इंजिनांना हात लावला त्यांचं हे खापरपणजोबांचं घराणं. पण १९०९चं ते तीन सिलिंडरचं इंजिन अगदीच ओबडधोबड होतं. ताकद पंचवीस हॉर्सपॉवर. ओतीव लोखंडाचे सिलिंडर, त्यावर आखूड फिना. आत घेण्याच्या व्हॉल्व्हला उघडायला काही यंत्रणाच नाही. पिस्टन खाली गेला की ओढीनं तो आपोआप उघडायचा.

आणि सिलिंडरच्या खालच्या भागात चक्क भोकं पाडलेली. पिस्टन खाली पोहोचला की ती भोकं उघडी पडायची आणि जळलेला तापलेला वायू तिथूनच बाहेर फुसकन निघून जायचा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हपर्यंत थांबायचाच नाही. त्यामुळं व्हॉल्व्ह जळायचा वाचायचा आणि सिलिंडर जरा कमी तापायचा. पण त्याच भोकांतून तेलही उडायचं, ते सरळ मागं बसलेल्या वैमानिकाच्या तोंडावर. त्या काळी विमानांच्या इंजिनांत एरंडेलाचा मोठा वापर असायचा. तापलं तरी ते इतर तेलांइतकं पातळ होत नाही आणि पेट्रोलमध्ये विरघळतही नाही.

"एरंडेल?" भाच्यानं विचारलं. "आपल्या धुऱ्यावर लावतो ते?"

"तेच. धुऱ्यावरचं."

हे इंजिन घेतलं लुई ब्लेरिओनं. मोटारींचे दिवे बनवून त्यानं पैसा कमावला होता आणि तो सगळा विमानांत घातला होता. एकामागून एक विमानं मोडली होती. त्याचं अकरावं विमान पहिल्यांदा उडालं ते २३ जानेवारी १९०९ला, पण तेव्हा त्याच्यावर अंझानीचं इंजिन नव्हतं. रोबेर एस्नो-पेल्तरी या हुशार तरुण अभियंत्यानं केलेलं सात सिलिंडरचं, तीस हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. हवेवरच थंड होणारं, दिसायला देखणं, रचनेला कितीतरी पुढचं. ते त्याला भरवशाचं वाटलं नाही. मे महिन्यात त्यानं ते काढलं आणि हे धूर ओकणारं, तेल उडवणारं तीन सिलिंडरचं बसवलं, पुढं ल्युसियां शोव्हिएरनं बनवलेला अक्रोडाच्या लाकडाचा पंखा.

आता इथं मामा थांबला, कारण त्याच्या गोष्टीचा गाभा इथं होता. "बाबू, त्या इंजनात लपवासारखं काही नव्हतंच. तेल सगळ्याइच्या डोयापुढं उडे. ते तापते हे पाहणाऱ्या लेकराले बी माईत होतं. मंग लोकायनं काय केलं? घड्याय घेतलं."

जूनच्या २६ तारखेला ब्लेरिओ त्या इंजिनावर ३६ मिनिटं ५५ सेकंद हवेत राहिला. जुलैच्या सुरुवातीला झ्युव्हिझीच्या मैदानावर ५० मिनिटं. १३ जुलैला त्यानं गावोगावच्या शेतांवरून ४१ किलोमीटरचा प्रवास केला, वाटेत एकदा उतरून. हे सगळं उघड्यावर, लोकांसमोर, वेळ मोजून. म्हणजे जुलैच्या मध्यावर त्या इंजिनाबद्दल एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती: पाऊण तासावर पाच मिनिटं, एवढा त्याचा दम. त्यापुढचं कुणी सांगत नव्हतं आणि मागतही नव्हतं.

त्याच वेळी लंडनच्या डेली मेल या वृत्तपत्रानं इंग्लिश खाडी विमानानं ओलांडणाऱ्याला एक हजार पौंडांचं बक्षीस लावलं होतं. फ्रान्समधल्या कॅलेपासून इंग्लंडमधल्या डोव्हरपर्यंत समुद्राचा पट्टा साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटरचा. ब्लेरिओच्या विमानाचा वेग तासाला साठ-सत्तर किलोमीटरच्या घरात. हिशेब करायला पाटी लागत नाही. समुद्र पस्तीस-चाळीस मिनिटांचा आणि इंजिन पन्नास मिनिटांचं.

भाचा ऐकत होता, पण तो कारागीर होता. कारागिराला नुसत्या गोष्टीनं समाधान होत नाही. त्यानं विचारलं, "दुसरं कोनी नव्हतं का तिथं?"

होता. ह्यूबर्ट लॅथम. त्याचं विमान अँत्वानेत, इंजिन आठ सिलिंडरचं, पन्नास हॉर्सपॉवरचं, पाण्यावर थंड होणारं. त्यात इंधन फवारून आत सोडण्याची यंत्रणा, जी त्या काळी फार पुढची गोष्ट होती. जूनमध्ये लॅथम एक तास सात मिनिटांहून जास्त हवेत राहिला होता. १९ जुलैला तो खाडीवर निघाला आणि काही किलोमीटरवरच इंजिन बंद पडलं. विमान पाण्यावर तरंगलं, लॅथम त्यावर बसून सिगारेट ओढत राहिला आणि फ्रेंच नौदलाच्या बोटीनं त्याला उचललं.

"पाह्य मंग!" भाचा म्हणाला. "त्याचं तर तासभर चाललं होतं. मोजलेलं होतं. मंग मोजून काय झालं?"

मला मामाचं उत्तर आवडतं, कारण त्यानं पोराची अडचण झटकली नाही. तो म्हणाला, "बराबर हाय. मोजल्यानं इंजन बंद पडत नाई असं नाई. कोनतंबी इंजन कधीबी बंद पडू शकते. पण मोजलं अन् सांगतलं तर नेणाऱ्याले ठरवता येते, आपण किती जिवावर उदार व्हायचं ते. लॅथमले कोनी फसवलं नव्हतं. तो जाणून गेला. बुडाला तरी त्याचा राग कोनावर नव्हता. आपल्या काकाचा तुयावर राग काहून आहे?"

पोरगा गप्प बसला.

२५ जुलै १९०९, रविवार. ब्लेरिओचा पाय भाजलेला होता. महिन्याच्या सुरुवातीला दुसऱ्या एका विमानाच्या एक्झॉस्ट पाइपवरचं आवरण निसटलं होतं आणि तो तसाच उडत राहिला होता. कुबड्यांवर तो विमानापर्यंत आला. अंझानी हजर होता. पहाटे इंजिन चालवून, एक छोटी फेरी मारून पाहिलं. बक्षिसाची अट होती की उड्डाण सूर्योदयानंतर व्हावं. ४ वाजून ४१ मिनिटांनी तो निघाला. होकायंत्र जवळ नव्हतं. साथीला असलेली फ्रेंच युद्धनौका लवकरच मागं पडली आणि मग दहाएक मिनिटं त्याला ना जहाज दिसलं, ना किनारा. वारा त्याला वाटेवरून बाजूला ढकलत होता. शेवटी इंग्लंडचे पांढरे कडे दिसले, त्यानं त्यांच्या कडेकडेनं डोव्हर गाठलं. किल्ल्याजवळच्या कुरणात एक फ्रेंच वार्ताहर झेंडा हलवत उभा होता, तिथं तो उतरला. उतरताना चाकांचा सांगाडा आणि पंखा मोडला. एकूण वेळ साडेछत्तीस मिनिटं.

म्हणजे जूनमध्ये इंजिन जेवढं चाललं होतं, जवळपास तेवढीच मिनिटं.

"पण मामा, मी ऐकलंय का पाऊस आला होता म्हणून," भाचा म्हणाला. कुठल्याशा मासिकात त्यानं वाचलं होतं की वाटेत पावसाची सर आली, तापलेलं इंजिन थंड झालं आणि म्हणून ब्लेरिओ पोहोचला.

ही पावसाची गोष्ट आजही पुष्कळ पुस्तकांत आढळते. आली असेल सर. खाडीवर जुलैतही ढग असतातच. मामाला मात्र ती पसंत नव्हती, आणि मला वाटतं ती नापसंती योग्य होती. पावसाची गोष्ट सांगितली की सगळं श्रेय आभाळाला जातं आणि झ्युव्हिझीच्या मैदानावरच्या त्या मोजलेल्या मिनिटांना काही किंमत उरत नाही. "पान्याच्या भरवशावर समुद्रावर कोनी जात नाई," मामा म्हणाला. "आला तर आला. पन्नास मिनिटं त्याच्या खिशात आधीपासून होती."

दोन दिवसांनी, २७ जुलैला, लॅथम पुन्हा निघाला. इंग्लंडचा किनारा दीड-दोन किलोमीटरवर असताना त्याचं इंजिन पुन्हा बंद पडलं. ताकद दुप्पट, रचना उत्तम, माणूस धाडसी. मामानं त्याच्याबद्दल एकही वाकडा शब्द काढला नाही. उलट म्हणाला, असा माणूस पुन्हा भेटायचा नाही.

मामाला ठाऊक नसलेली एक गोष्ट मी इथं जोडतो. इंग्लंडमध्ये ओल्ड वॉर्डन इथं शटलवर्थ संग्रहात १९०९चंच एक ब्लेरिओ विमान आहे, अंझानीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनासह. इंजिन आजही चालतं. हवा अगदी शांत असेल तेव्हा संध्याकाळी ते विमान धावपट्टीवर जमिनीपासून थोडंसं वर उचलतात, सरळ रेषेत एक छोटी उडी घेतात आणि उतरवतात. मैदानाला वळसासुद्धा घालत नाहीत. शंभरहून जास्त वर्षांचं इंजिन जिवंत राहिलं, कारण सांभाळणाऱ्यांना त्याचा दम माहीत आहे आणि ते त्याच्याकडून त्यापलीकडं काही मागत नाहीत.

चहाचे पेले रिकामे झाले तसा मामा उठला आणि दुसऱ्या कुणाच्या तरी पंपाला लागला. भाच्याला त्यानं काय करायचं ते सांगितलं नाही.

पोरानं शेगावहून नवा पिस्टन आणि लायनर आणला. फिना तुटलेला सिलिंडर बदलायचा तर खर्च इंजिनाच्या किमतीइतका होता. तो झेपणारा नव्हता. त्यानं पंख्याचा पत्रा काढला, तुटक्या बाजूवरचा हिरवा रंग खरवडला, फिनांमध्ये अडकलेली कापसाची बारीक रुई आणि तेलात कालवलेली माती लोखंडी काडीनं कोरून काढली. पत्रा पुन्हा बसवताना त्यानं जागा थोडी मोकळी ठेवली, तुटकी बाजू दिसेल अशी. मग दुकानामागच्या टाक्याला पंप जोडला, टाक्यातलं पाणी टाक्यातच पडेल असा पाइप सोडला आणि मामाचं हातावरचं घड्याळ मागून घेतलं.

तासाभरात हेडवर टाकलेला पाण्याचा थेंब चुर्र होऊन उडायला लागला, पण आवाज एकसारखा होता. दीड तासावर आवाजाला जाडपणा आला. अजून थोडं चालू ठेवलं तेव्हा धुराचा रंग बदलला आणि ठोक्यात ती ओढ आली जी त्याच्या कानाला ओळखीची होती. लगेच बंद केलं. पुरतं निवायला तासाभराहून जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा तेच केलं आणि तोच हिशेब निघाला. मामा हे सगळं तिरक्या नजरेनं पाहत होता. एकदा फक्त म्हणाला, "दुपारी पाह्य. थंडीतला हिशेब उन्हात चालत नाई." दुपारी पाहिलं तर दीड तासाचा सव्वा तास झाला.

मग पोरगा सकाळच्या गाडीनं सोनाळ्याला गेला. काका वावरात होते. गव्हाची कोरडी राहिलेली बाजू दिसतच होती; ओल्या बाजूपेक्षा वीतभर खुजी आणि पिवळसर. पोरगा बांधावर उभा राहिला.

"काका, त्या दिवशी तुमी इचारलं होतं. मले माईत होतं."

काकांनी फावडं टेकवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माईत होतंच तुले. मी तवाच पायलं."

"भाडं वापस आणलंय."

काकांनी पैसे घेतले, मोजले, खिशात ठेवले. नको-नको म्हणाले नाहीत. नुकसान खरं होतं आणि पैसे त्यांचेच होते.

"आता इंजन कुठं आहे ते?"

"दुकानात. दुरुस्त केलं. पण त्याची एक बाजू अधू आहे, ती तशीच राहणार. राती दीड तास चालते, दुपारी सव्वा. मंग तासाभर बंद ठेवाच लागते. त्यापरीस जास्त चालवलं तर पुन्हा धरंन."

"मंग गव्हाले नाई चालत हे."

"नाई चालत काका. गव्हाले नका नेऊ."

काका हसले नाहीत, पण विहिरीकडं वळून पाहायला लागले. विहिरीमागं कांद्याचे वाफे होते आणि त्यांच्यापुढं संत्र्याची गेल्या पावसाळ्यात लावलेली कलमं, आळी करून ठेवलेली.

"हा कांदा तासाभरात ओलून होते," ते म्हणाले. "कलमाईले बी तेवढाच येळ. त्याच्यासाठी मोठं इंजन लावलं तर डिझलच जास्त जाते."

"तेवढ्याले चालते. मी सांगतो ना, तेवढ्याले बिनघोर चालते."

"भाडं रातीचं देणार नाई मी."

"नका देऊ. तासाचं द्या."

तासाच्या भाड्यावर दोघांची चांगली घासाघीस झाली. काका आधीच्या अनुभवामुळं खाली ओढत होते आणि पोराला लायनर-पिस्टनचा खर्च काढायचा होता. शेवटी एका आकड्यावर दोघं थांबले.

"अजून काय काय होते त्याले?" काकांनी विचारलं. "समदं सांग."

पोरानं सगळं सांगितलं. थंडीत पहिल्या हँडलला घेत नाही, तिसऱ्याला घेतं. टाकीतलं डिझेल पावभर राहिलं की हवा धरतं. पट्टा नवा आहे, पहिल्या दोन दिवसांत ढिला होईल, तेव्हा ताणून घ्यायचा. कापूस वेचणीचे दिवस आहेत तर रोज फिनांवरची रुई काढायची, विसरायचं नाही. काका मध्ये मध्ये विचारत होते, एकदा त्यांनी हवा काढायची कशी ते मातीत बोटानं रेघ मारून दाखवायला लावलं.

"बरं," काका म्हणाले. "परवा ट्रॉली रिकामी येऊन राह्यली वरवटले. तवा टाकून दे तिच्यात."